अक्षराला चाळीस रुपये

नरसप्पा छिन्नी पुसत हिशोब सांगतो:
आकड्यालाही अक्षराचाच दर.
दिवस, महिना, साल मिळून आठ घरं,
तीनशेवीस. मधली दोन टिंबं फुकट.

नाव आधीचंच आहे.
शांतवन येशुदास पारधे.
सुवार्ता गेली त्याच वर्षी
तिच्या नावाशेजारी त्यानं स्वतःचंही कोरून घेतलं,
जन्मतारीख, एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे कोरा दगड.
तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

त्या कोऱ्या दगडाशी
मी सत्तावीस वर्षं संसार केला.

ईस्टरच्या पहाटे मंडळी इथंच जमायची.
मेणबत्त्या कागदी पेल्यांत, पेटी कुणाच्या तरी खांद्यावर,
मोदीकडून मालगाडीची शिट्टी.
उठला आहे, म्हणायचे पाळकसाहेब.
खरोखर उठला आहे, म्हणायचो आम्ही,
आणि मी चोरून बघायची या दगडाकडे:
आत्ता हीपण उठली तर?

मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत.
हे त्यानं दोनदा म्हटलं वेदीसमोर.
एकदा शेवटपर्यंत निभावूनही झालेलं.
दुसऱ्यांदा म्हणताना तो जरासुद्धा अडखळला नाही,
तेच मला खुपलं. पुष्कळ वर्षं.

पाळकसाहेबांना विचारलं होतं एकदा,
भांडी विसळता विसळता, सहज विचारल्यासारखं,
की वर गेल्यावर तो कुणाचा?
त्यांनी ती सात भावांची गोष्ट काढली.
एक मेला, दुसऱ्यानं केली, तो मेला, तिसऱ्यानं,
शेवटी ती बाईही मेली.
तिथं लग्न नसतं, बाई. तिथं सगळे दूतांसारखे.

चहा गाळला. साखर जास्त पडली.
मनात म्हटलं, प्रश्न विचारणारे सगळे पुरुष,
ही कुणाच्या वाट्याची, एवढंच त्यांना हवं.
तिला कुणी विचारलं का?
सात जणांच्या भाकऱ्या थापून
सात जणांना माती देऊन
तिथं पोचल्यावर ती म्हणाली असेल,
जरा टेकू द्या.

दूतांसारखे म्हणजे कसे, ते मला अजून कळत नाही.
दूताला गुडघेदुखी नसेल.
दूताला शेंगाचटणीत लसूण कमी चालत असेल.
पण ज्याला काही आठवतच नाही असा शांतवन
मी ओळखायचा कसा?

तो अक्कलकोट रोडला जेकार्डवर होता.
म्हणायचा, आपल्या चादरीला उलटी बाजू नसते.
इकडून मोर लाल, तिकडून पांढरा.
धागे तेच.
मी म्हणायची, मग अंगाला कुठली लावायची?
म्हणायचा, झोप आता.

सिव्हिलच्या वॉर्डात, शेवटल्या रात्री,
त्यानं पाणी मागितलं
तिच्या नावानं.
मी 'ओ' दिली, आणि पाजलं.
दोन चमचे गेले, तिसरा ओघळला.
राग यायची वाट बघत बसले उजाडेपर्यंत.
आला नाही.

टक् टक् टक्.
नरसप्पा सालाचा शेवटचा आकडा फुंकरतो.
खाली एका ओळीची जागा आहे, बाई, तुमच्यासाठी.
आत्ताच घेता का? पुढं दर वाढणार.

नको म्हटलं.
कोरी जागा काय असते, मला माहीत आहे.
माझ्यामागं कुणाला तिच्याशी नांदायला नको.

त्यानं हत्यारं गुंडाळली. वीस रुपये परत देत होता, घेतले नाहीत.
मग पदरानं दगडाची भुकटी पुसली,
आधी त्याच्या नावातली,
मग तिच्या. 'र्ता'च्या रफारात
किती वर्षांची धूळ होती.

घरी आले. त्याची चादर दोरीवर कडक वाळलेली.
सोलापूरचं एप्रिल, दुपारी तीन.
मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही,
एक टोक हनुवटीखाली धरलं,
दुसरं जमिनीला लोळायला लागलं.

धर गं, म्हटलं मी.
सुवार्ता, ते टोक धर.