शब्दमालिन्य

सभा साडेअकराची, सुरू झाली सव्वाबाराला.
विषय क्रमांक सात:
सर्व्हे नंबर एकशे बारा, पैकी चार एकर नऊ गुंठे,
सांबऱ्याच्या धावपट्टीच्या तोंडासमोर.
बिनशेती करून घरांना परवानगी द्यावी की न द्यावी.

पीडीओ हिरेमठसाहेबांनी कानडीतून पत्र वाचलं.
एक शब्द त्यात तीनदा आला: शब्दमालिन्य.
भरमाण्णा माझ्याकडे वाकले.
(प्रोसिडिंग मी लिहिते. मूळ कानडीत,
आणि आपल्या माणसांसाठी मराठीत एक वही,
जिचा पगार मिळत नाही.)
"शब्द मळले म्हणजे? शिव्या दिल्या काय कुणी?"
म्हटलं, काका, कानडीत आवाजाला शब्द म्हणतात.
"मग शब्दाला काय म्हणतात?"
पद.
"पद तर अध्यक्षाकडं असतंय की," म्हणाले,
आणि तंबाखू मळत बसले.

तेवढ्यात बेंगळूरचं आलं.
भिंतीवरचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा नकाशा
टाचणीभोवती थरथरला.
सगळे थांबले, तोंडं अर्धी उघडी.
आमच्या गावाला सवयच आहे
वाक्य मध्ये अडवून धरायची,
वाटेत कुणी भेटलं की
डोक्यावरची घागर एका हातानं धरतात तशी.
मग ते गेलं, आणि प्रत्येकानं
आपापलं क्रियापद खाली ठेवलं.

शाळेच्या होनगेकर बाई म्हणाल्या,
पावणेदहाचं विमान रोज नेमकं बेरजेवर येतंय.
हातचा एक तिथंच राहतो.
तिसरीची पोरं पाचवीत गेली,
तो एक अजून कुणी घेतलेला नाही.

शट्टुप्पा उठला. जमीन त्याची.
"अर्धी विमानतळाला गेली तवा
कुणी विचारलं नाही, आवाज सोसतोय काय म्हणून.
उरलेली विकाय काढली,
आता सगळ्यांना आमच्या कानाची काळजी."
बिल्डरचा माणूस मान डोलावत होता.
त्याच्या रंगीत कागदावर चौऱ्याऐंशी घरं,
वर निळंशार आभाळ,
त्यात एक पाखरूसुद्धा नाही.

दारात पारव्वा तोरगल उभी होती.
वडगावच्या मागावर काम करते.
तीस बाय चाळीसच्या एका जागेला
तिनं तीन लाख ॲडव्हान्स दिलेत.
सदस्य नाही, तरी बोलली:
"बावीस वर्षं पॉवरलूमच्या भिंतीला डोस्कं लावून झोपतोय आम्ही.
विमान येतंय आणि जातंय तर खरं.
मागाला जायचं ठाऊकच नाही.
जाणाऱ्या आवाजाला भिऊन घर सोडू काय?"

मी हे वहीत लिहिलं. मुळात लिहायला जागा नव्हती.

मग अध्यक्षांनी मत मागितलं,
आणि त्याच घटकेला हैदराबादचं.
अध्यक्षांचे ओठ हलताना दिसले.
अकरा हात वर झाले.
आवाज सरल्यावर कळेना,
हे अकरा हात होयचे की नकोचे.
कुणी म्हणालं, आम्ही होयलाच केला.
कुणी म्हणालं, विरोधात कोण, असं विचारलंत ना?
भरमाण्णांचा हात कानावर होता,
तोही मोजला गेला होता.
पुन्हा मत घ्या म्हणेपर्यंत
चौघे जेवायला उठले होते. कोरम मोडला.

हिरेमठसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "बरी."
कानडीत बरी म्हणजे लिही.
बरी म्हणजे नुसतंच, असंही होतं.
मी सात आकडा घातला, त्याला गोल केला,
पुढची ओळ तशीच सोडली.

संध्याकाळी घरी जाताना बघितलं,
सर्व्हे नंबर एकशे बारात पारव्वा उभी.
फक्कीच्या रेघा मारलेल्या,
त्यातल्या एका चौकोनात, बहुतेक स्वैपाकघरात.
रस्त्यापर्यंत हाक पोचते का बघत होती.
वर एक विमान उतरत होतं, पोटाखालचा दिवा लावून.
तिचं तोंड उघडलेलं दिसलं.
ऐकू येतंय काय, असंच विचारत असणार.

मी हात वर केला.