उलट्या फेऱ्याची गाडी

गिरणीचा लिलाव झाला तेव्हा
नानांनी साच्यांकडे पाहिलंही नाही.
मागच्या शेडमध्ये, तुटक्या सुताच्या ढिगाखालून
त्यांनी लाल रंगाची एक मोटरसायकल ओढून काढली,
कुणा इटालियन मेकॅनिकनं टाकून दिलेली.
भंगारवाला यल्लप्पा काट्याकडे पाहून चिडला :
"एवढीच? एकशे अडतीस किलो?"
लोखंडाचा भाव किलोवर असतो.
हलकेपणाचे पैसे कुणी देत नाही.

साखर पेठेत, दोन मागांच्या मधल्या बोळात
एकेक नट रॉकेलच्या थाळीत उतरला.
सिलिंडर उभा नव्हता. आडवा,
तोंड वाऱ्याकडे करून,
एप्रिलात आम्ही गच्चीवर झोपतो तसा.
आणि फ्लायव्हील चक्क बाहेर, डाव्या अंगाला, उघडं,
आतलं घर लहान राहावं म्हणून.
अम्मा म्हणाली, हे जातं बाहेर कशाला?

पहिल्यांदा सुरू झाली
आणि नानांनी लगेच बंद केली.
चक्र उलटं फिरत होतं.
पंचवीस वर्षं जॉबर,
भिंतीपलीकडच्या मागाचा रोग आवाजावरून सांगणारे.
म्हणाले, माझंच चुकलं.
पुन्हा उघडली. टायमिंग, मॅग्नेटो, दाते मोजले,
ओकटी, रेंडू, मूडू,
मी टॉर्च धरून पेंगत,
फरशीवर ग्रीसच्या बोटानं काढलेले बाण.
दुसऱ्यांदाही उलटंच.

तिसऱ्या रात्री एकटेच हसले.
"चेन नाही गं इथे. दात्याला दाता भिडलाय.
एक चाक इकडे, तर दुसरं तिकडेच जाणार.
इंजिन मागे फिरतंय
म्हणून तर गाडी पुढे जाईल."
बाण पुसायचे राहिले ते राहिलेच.
एक अजून दिसतो, पिंपाच्या कडेला.

रविवारी हिप्परग्याच्या तलावाकडे जायचं ठरलं.
टाकीवर पुसट अक्षरं : आयरोने.
म्हणजे बगळा, म्हणे.
कॅरियरवर चौपट घडीची चादर.
अम्मा दारात, पदर खोचून,
त्या उघड्या चक्राकडे पाहत.
तिच्या थोरल्या बहिणीची वेणी
मागाच्या पट्ट्यात गेली होती. ती हे कधी बोलत नसे.
बोलली नाही तेव्हाही.
सगळ्या बायका बसतात त्या बाजूनं न चढता
ती उजवीकडून चढली, पाय उजवीकडे,
बोळातल्या बायकांकडे पाठ करून.
"अगं, उलटी बसलीस!" चिलक्यांची सून ओरडली.

अम्मानं नानांचा खांदा धरला.
"गाडीच उलटी आहे," म्हणाली. "चला."