पाचवं भोक

बाप बिरसीच्या तळावर चामडं शिवायचा.
विमानं त्यानं लांबूनच पाहिली.
त्याच्या आरीखाली यायचे ते पट्टे:
खांद्यांवरचे दोन, मांड्यांवरचे दोन,
घामानं कडक झालेलं कॅनव्हास,
बगलेपाशी मिठाचे नकाशे.

चारही पट्टे एका पितळी खुंटीवर यायचे,
खुंटीला चाप, चापाला चामड्याची शेपटी.
शेपटी ओढली की चारही एकदम मोकळे.
साहेब घड्याळ धरून उभा राही.
उशिरा सुटलेला पट्टा पुन्हा बापापुढं.

बाप म्हणे,
"बैलाचं जोतं धराले शिवतो आपन.
हे सोडाले शिवा लागते.
निरा उलटा धंदा."

एक पोरगा आला, मिसरूड न फुटलेला,
छाती इतकी बारकी
की चौथ्या भोकातही पट्टा ढिला.
बापानं पाचवं पाडलं,
कडेनं मेणाचा दोरा फिरवला.
नाव विचारलं नाही. भाषाच नव्हती.
पोरानं अंगठा वर केला, एवढंच.

लढाई सरली. भंगार किलोनं गेलं.
इस्तारी मडावीनं गोंदियाहून दीड रुपयात
पट्ट्यांचा जुडगा आणला,
मोहोळ काढायला.
अवसेच्या रात्री सावरीवर चढायचा,
जुडग्याचं बूड फांदीला बांधून
स्वतःला आवळून घ्यायचा.

बापानं एकदा खालून कंदील वर केला
आणि गप्प झाला.
इस्तारीच्या छातीवर खुंटी
पाचव्या भोकात होती.

"तो पोरगा कुठं गेला असन?"
हे तो मला नाही, आरीला विचारायचा.
पट्टा लिलावात आला,
म्हणजे विमान परत आलं असावं.
का नुसता पट्टा?
इथवर आला की मेणाची वाटी झाकून
बाहेर तंबाखू मळत बसायचा.

मग त्या रात्री माशा उठल्या.
धूर, टेंभा विझलेला, आम्ही खालून ओरडतोय,
आणि वरून एक बारीक आवाज, कट्.
फांद्या मोडत, काट्यांनी सोलत
इस्तारी जमिनीवर आला,
डोळे सुजून बंद. जिता.

"सुटला ना?" बाप म्हणाला.
"मंग बरा शिवला होता."

पट्टा काढायला पुन्हा कोणी चढलं नाही.
सावरीची साल त्याच्यावर वाढत गेली.
आता वीतभर टोक लोंबतं,
त्याला एक भोक, त्यातून आभाळ.
कितवं आहे,
खालून मोजता येत नाही.