शेवटचा घाव आधी

टोलेडो, ओहायो. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते दहा.
वर्गात नऊ जण, त्यात बाई मी एकटी,
आणि वयानं दुसरी. पहिला नंबर डेल्बर्टचा.
त्याला बायकोची जुनी गाडी स्वतःच्या हातानं रंगवायची आहे,
नोकरी नको.
मला नोकरी हवी आहे.

काझमारेक सर पहिल्या दिवशी हत्यारं देत नाहीत.
एक पांढरा सुती मोजा देतात, म्हणतात, डोळे मिटा.
तळवा फिरवा पत्र्यावरून. बोटं नाही. बोटं खोटं बोलतात.
मी फिरवला, तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
गुळगुळीत आहे, म्हटलं.
ते हसले नाहीत. खडूनं गोल काढला, नाण्याएवढा: इथे.

नोव्हेंबर. हरणांचे दिवस.
रोज एक तरी गाडी येते पुढून बसलेली,
जाळीत तांबूस-करडे केस.
लामार ते चिमट्यानं काढतो,
डब्यात टाकण्याआधी डोक्यावरची टोपी काढतो.
का, ते मी विचारलं नाही.

फळ्यावर वर्षभर एकच वाक्य: शेवटचा घाव आधी.
म्हणजे हरीण आधी बंपरला लागलं, मग बॉनेटला, मग काचेखाली,
तर तुम्ही काचेखालून निघा.
पत्रा ज्या वाटेनं आत गेला
त्याच वाटेनं उलट पावली आणायचा.
मध्येच घुसलात तर ताणतो,
मग जन्मभर, दाबला की टक् वाजतो.

पुण्यात तांबट आळीत आमचं दुकान होतं.
दादा खरवईवर हंडा चढवून मठार मारायचे,
एकाला एक चिकटून, ओळीनं, हजारो.
पोचेच ते, पण मुद्दाम घातलेले, त्यानं भांडं टणक होतं.
दिवसभर ठण् ठण्. आम्ही घरातले सगळे
जरा मोठ्यानंच बोलतो ते त्यामुळे.
हातोडी मला कधी मिळाली नाही. चिंच मिळाली, घासायला.
हातोडी भावाला मिळाली,
तो इन्शुरन्स कंपनीत गेला.
आता मी पोचे काढायला शिकते आहे, वर फी भरून,
हे फोनवर सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, मनगटातून सोड. खांद्यातून नको.
सरांनी हेच सांगितलं, पण चौथ्या आठवड्यात.

पुट्टीत लाल हार्डनर, करंगळीच्या पेराएवढा.
जास्त झाला तर महिन्यांनी रंगातून डाग वर येतो,
कमी झाला तर वाळतच नाही.
मिसळलं की गुलाबी, आणि हातात चार मिनिटं.
माझे पहिले तीन गोळे पाटावरच दगड झाले.
मग ठोकळ्याला पॉलिश पेपर, ऐंशी, एकशेऐंशी, तीनशेवीस,
तिरकं, उलट तिरकं,
मास्कच्या आत दुपारच्या लसणाचा वास.
वर काळी भुकटी फासून पुन्हा घासायचं:
जिथे काळं उरेल तिथे खोल.

गुरुवारी परीक्षा होती. निळी गाडी, डावं दार.
मागच्या सीटवर बाळाच्या खुर्चीचा ठसा, बिस्किटांचा चुरा.
कुणाची, काय झालं, विचारायचं नाही हा नियम.
कागदावर फक्त: दार, डावं, साडेतीन तास.
मला सहा लागले.
सरांनी डोळे मिटून तळवा फिरवला, उभा, मग आडवा.
हँडलखाली थांबले.
मीही तिथेच श्वास धरून होते.
माझ्या तळव्याला ते मंगळवारीच कळलं होतं
आणि मी म्हटलं होतं, चालेल.

येत्या मंगळवारी पुन्हा पुट्टी.

घरी येताना किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये
एका करड्या गाडीच्या दाराशी मी उभी,
ट्रॉली बाजूला, मोजा नाही, डोळे मिटलेले.
मालक पिशव्या घेऊन आला. काही मदत हवी का?
इथे पोचा आहे, मी म्हटलं, तांबट आळीच्या आवाजात.
तो वाकला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.
कुठे?
तळवा ठेवा, म्हटलं.
बोटं नाही.