पट्टा शेवटपर्यंत

लांजेवार सरांनी गाडी धुऊन ठेवली होती.
आत मोगऱ्याचा वास, जरा जास्तच.
त्रिमूर्तीनगर, मे महिना, सकाळचे साडेदहा,
आणि स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

"मी एकट्यानंच चालवली जी,
मिसेसला दवाखान्यात नेण्यापुरती."
मीटर बेचाळीस हजार सांगत होता.
क्लचच्या पेडलचं रबर मात्र
जुन्या चपलेसारखं अंगठ्यापाशी झिजलेलं.

आरसीवर बँकेचं नाव अजून बसून होतं.
"हप्ते कधीचे फिटले. एनओसी काय, मागितली की मिळते."
"मग मागा," मी म्हटलं, "टोकन त्यानंतर."
उद्या काही निघालं तर भांडायला
शोरूममध्ये निदान एक काउंटर असतो.
इथे फाटक, आणि फाटकाला आतून कडी.

फिरोज मिस्त्रीनं बजावलं होतं,
सीटबेल्ट ओढायचा,
जिथवर कोणीच ओढत नाही तिथवर.
ओढला.
शेवटच्या वीतभरात करडी रेघ,
वाळल्या गाळाची, सरळ,
नाल्यानं पट्टी ठेवून मारल्यासारखी.

सर बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले.
मग वर्गातली भाषा सोडून म्हणाले,
"मलेबी अशीच देल्ली कोणीतरी.
म्या कुठं पट्टा वढून पाह्यला?"

पाणी दिलं त्यांनी, माठातलं. प्यालो, निघालो.
प्रतापनगरच्या सिग्नलला
माझी स्कूटर नेहमीसारखी बंद पडली.
तीच, जिच्या जाहिरातीत काल रात्री
मी लिहिलं होतं,
एक रुपयाचंही काम नाही.