आपला ब्राउझर चालणार नाही

वाचनालयाच्या कोपऱ्यात, नकाशांच्या कपाटाशेजारी
एक पिवळटलेला संगणक मी सात वर्षं जगवला.
त्याच्यावर चिठ्ठी होती, माझ्याच हातची:
बंद करू नका.
बंद केलात तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

गावात संगणकांचा तुटवडा नव्हता,
प्रत्येकाच्या खिशात फोन होता,
पण बेकारभत्त्याचं सरकारी पान
त्या एका जुन्या ब्राउझरलाच ओळख द्यायचं.
बाकीच्यांना दारातूनच:
आपला ब्राउझर चालणार नाही.
कृपया योग्य ब्राउझर वापरा.
त्या ‘कृपया’वर मी फार विचार केला आहे.

खिडक्यांचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
दर पंधरवड्याला माझ्याकडे रांग लागायची.
सुपीरियर सरोवराच्या काठाकाठानं
बर्फ झटकत येणारी माणसं,
लोकरी टोप्या रेडिएटरवर वाळत टाकून
मासेमारीची जुनी मासिकं चाळणारी.
या पंधरवड्यात काम शोधलंत का?
‘शोधलं,’ आर्वो केम्पाइनेन दर वेळी मोठ्यानं म्हणायचा,
जणू पडद्याला ऐकू येतं,
आणि मग एका बोटानं ‘हो’ दाबायचा.

पेट्रोल अकरा डॉलर, जाऊन येऊन.
खड्ड्यात घसरलेला ट्रक ओढून काढायचे नव्वद, एकदाच.
हा हिशोब तो पावतीच्या पाठीवर मांडायचा,
तक्रार म्हणून नव्हे. एकतीस वर्षं चौकटी मापल्या होत्या त्यानं,
सूतभर फरक त्याला खपायचा नाही.

फेब्रुवारीत पाऊस पडता पडता गोठला,
तारा काचेसारख्या तुटल्या.
सकाळी वीज आली, सगळे संगणक जागे झाले,
तो झाला नाही.
मी मागचं झाकण काढलं, फुंकर मारली,
आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा कान लावला.
आत पंखासुद्धा हलत नव्हता.

दुपारी आर्वो आला. मुदतीचा शेवटचा दिवस.
नव्या यंत्रावर पान उघडलं,
म्हणजे उघडलं नाही.
फोन लावला. दोन तास दहा मिनिटं
कसलीशी बासरी वाजत राहिली,
मध्येच एक गोड आवाज सांगायचा
की हेच काम संकेतस्थळावर झटपट होतं.
पाचच्या ठोक्याला फोन आपोआप तुटला.
आर्वो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

महिन्याभरानं पत्र: हजेरी चुकली, सबब दावा रद्द.
सबब आधी दिलेल्यातले तेराशे चाळीस परत भरावेत.
अपील करता येईल. ऑनलाइन.

त्यानं बोटीचं इंजिन विकलं,
आणि सरोवर अजून घट्ट होतं तेव्हाच बोटही.
वाचनालयात यायचा तो थांबला.
त्याची बायको हिल्या पुस्तकं परत करायला आली,
उशिराचा दंड सुट्ट्या नाण्यांत मोजून ठेवला,
मी नको नको म्हणत असताना.
‘कुठेतरी तरी सगळं वेळेवर चुकतं झालंय असं वाटू दे,’ म्हणाली.
मी पावती फाडली.

पुढच्या वर्षी ते पान बदललं.
ज्यानं बदललं त्या पोरानं मला फोनवर सांगितलं,
नऊ दिवसांचं काम होतं.
यादीत कायम तळाशी राहिलं,
कारण इतर ब्राउझरांतून येणारे तीनच टक्के.
तीनच, मी म्हटलं,
कारण बाकीचे उंबऱ्यावरूनच परत जात होते.
दाराबाहेरच्यांना मोजत होतं कोण?
तो गप्प राहिला. भला मुलगा होता,
मग म्हणाला, आता सगळीकडे उघडतं, बघा.

बघितलं. उघडतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर आता बोन्साय आहे, कुणीतरी दिलेला.
चिठ्ठीचा चिकटपट्टीचा डाग काही गेला नाही.
पूर्वेची खिडकी आर्वोच्या कारखान्यातली.
मे महिन्यात पहिल्यांदा उघडताना
थोडा जोर लावावा लागतो,
इतकंच.