पित्त न फोडता

चांगुणाबाई वैती, वय एकसष्ट, माहूल.
धंद्याच्या रकान्यात मी लिहिलं: मासेविक्री.
ती म्हणाली, "कापते, असं लिही.
विकतात सगळ्याच."

डोळ्यांत हळद उतरलेली,
दंडांवर खाजवून खाजवून उठलेले वळ,
गळ्यात कुण्या वैदूने घातलेली काड्यांची माळ,
कावीळ उतरेल तशी म्हणे आपोआप लांबते.
लांबली होती. पार बेंबीपर्यंत आली होती.
काविळीला मात्र त्याची खबर नव्हती.

मी समजावतो ते रोजचंच:
तोंडातून नळी जाईल, जठर ओलांडेल,
पित्तनलिकेच्या तोंडाशी थांबेल.
आत खडा अडकलाय, तो ओढून काढायचा.
पोटावर एक टाका नाही.
तिने ऐकून घेतलं, मग
माझ्या हातांकडे बघत म्हणाली,
"पित्त मना नको शिकवूस.
चाळीस वर्षं काढते. घोळीचं, वामीचं, शिंगाळ्याचं.
नखाएवढी हिरवी पिशवी,
बोट चुकलं की अख्खा मासा कडू,
गिऱ्हाईक परत येत नाय.
अन् तू बघणार कसा, पोट उघडल्याबिगर?"

या नळीचा डोळा टोकाला नसतो, मावशी,
कुशीला असतो.
जाते पुढे, बघते बाजूला.
"खेकडा," ती म्हणाली. तेवढं पटलं.
कानातलं काढून सुनेच्या मुठीत दिलं
आणि टेबलावर पालथी झाली.

शिशाचा एप्रन, अंधारलेली खोली.
रंग सोडल्यावर पडद्यावर एक फांदी उमटली
आणि फांदीत एक कोरी जागा,
रंग जिथे शिरला नाही.
डॉक्टर बोधनकर अशा वेळी एकेक शब्दच बोलतात.
तार. मी तार देतो.
तांदळाएवढा छेद, आतल्या आत.
फुगा.
फुगा मागे आला, हळू, अजून हळू,
आणि खडा निसटून आतड्यात पडला,
मागोमाग पित्त, आधी गढूळ, मग हिरवंसोनेरी,
चार आठवडे कोंडलेलं.
कुणी काही बोललं नाही.
मी स्टेंटचं पाकीट फाडलं.

शुद्धीवर येताच तिने खडा मागितला.
गेला वाहून, म्हटलं, तर चिडली.
"माझ्या पोटात वाढला. दाखवायचा तरी."

तीन महिन्यांनी स्टेंट काढायचा. वहीत लाल शाईने.
बरं वाटलं की लोक विसरतात,
तो आत बुजतो
आणि मग हुडहुडी घेऊन येतात मध्यरात्री.

दिवाळीनंतर फोन लावला.
"येते रं, सोमवारी येते. आता घोळ आलीय पुढ्यात."
फोन तिने बंद केला नाही,
तसाच कुठेतरी बाजूला ठेवला.
मला बाजार ऐकू येत होता, आणि कोयता.
मग कोयता थांबला.
काहीतरी फार सांभाळून उचलायला लागतो
तेवढा वेळ.
मग पुन्हा कोयता.